कॅनेडियन विज्ञानकथांचा संग्रह काढायचाय? आधी मानधनाचं बघा

मी कॅलगरीत विज्ञानकथांचे संग्रह संपादित करते. स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था काढू पाहणारी मंडळी भेटली, की आधी संस्थेचं नाव आणि मुखपृष्ठ दाखवतात. मी विचारते, लेखकांना किती देणार? अमेरिकेतली विज्ञानकथालेखकांची संघटना शब्दाला ८ अमेरिकी सेंट हा किमान व्यावसायिक दर मानते. म्हणजे ४,००० शब्दांच्या कथेला ३२० डॉलर, तशा बारा कथांना ३,८४०. एवढी ऐपत नसेल तर सहाच कथा घ्या, पण दर पाडू नका. इथल्या लेखकाला सीमेपलीकडची मासिकं मोकळी आहेत. त्याने आपली सर्वात चांगली कथा तुम्हाला का द्यावी, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

कथा मागवताना ‘कॅनेडियन’ कोणाला म्हणताय ते आवाहनातच लिहा. नागरिक आणि पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) असलेले रहिवासी, ही कॅनेडियन विज्ञानकथांसाठीच्या ऑरोरा पुरस्कारांची अट मला पटते. १९८५मध्ये ‘टेसरॅक्ट्स’ हा पायाभूत संग्रह संपादित करणाऱ्या ज्युडिथ मेरिल स्वतः अमेरिकेतून टोरांटोला आलेल्या होत्या. त्या संग्रहात फ्रेंचभाषक केबेक प्रांतातल्या फ्रेंच कथाही इंग्रजीत आणल्या होत्या, म्हणून अनुवादकाचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. आणि कृपा करून प्रत्येक कथेत बर्फ आणि मेपल मागू नका. कॅनडातल्या माणसाने मंगळाबद्दल लिहिलं तरी ती कॅनेडियन कथाच.

वाचताना लेखकांची नावं झाकून ठेवा. दोघांनी स्वतंत्र वाचा, मग बोला.

खरं काम यानंतर. माझ्याकडे एक कथा आली होती. पहिलं दीड पान गोठलेल्या तलावावरच्या संशोधन केंद्राचं: घुमट केवढा, बाहेर तापमान किती, वीज कुठून येते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बर्फाखालून कोणीतरी नायिकेला तिच्या आईच्या आवाजात हाक मारतं. कथा तिथे सुरू होत होती. मी ‘वरचं कापा’ असं लिहिलं नाही. ‘ही हाक पहिल्या परिच्छेदात आणून बघाल का? वाचकाला पुढे काय काय लागेल ते तुम्हीच ठरवा,’ एवढंच लिहिलं. लेखिकेने विजेचा परिच्छेद काढला, पण घुमट ठेवला. कारण शेवटी तो आवाज घुमटाच्या आतून येतो. हे मला बाहेरून कळलंच नसतं. म्हणून संपादकाने प्रश्न विचारावेत आणि वाक्यं लेखकाला लिहू द्यावीत.

विज्ञान तपासताना सूत्रांपेक्षा परिणाम बघा. पात्रं वजनरहित अवस्थेत नऊ महिने काढून उतरली आणि लगेच धावायला लागली, तर मी समासात ‘पाय?’ लिहिते, कारण इतक्या दिवसांत पायांतली ताकद गेलेली असते.

करार लेखीच हवा, सहीसकट. कॅनडाच्या कायद्यात हक्क दिले जातात ते तसेच. पहिल्या प्रकाशनाचे हक्क घ्या, वर्षभरापुरते दुसरीकडे न छापण्याचं वचन घ्या, बाकी सगळं लेखकाकडे राहू द्या. लेखकाचे नैतिक हक्क सोडून द्यायला लावणारं कलम कोणी नमुन्यात दिलं तर ते खोडा. हे हक्क यासाठीच असतात, की कथेखालचं नाव आणि कथेचा मजकूर लेखकाच्या परस्पर बदलायचा नसतो.

कागदपत्रं सोपी आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कॅनडात फुकट मिळतो, राष्ट्रीय ग्रंथालयाकडून; फ्रेंच भाषेतल्या प्रकाशकांचं काम केबेकचं ग्रंथालय बघतं. शंभर किंवा जास्त प्रती छापल्या तर दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करायच्या, चार ते नव्याण्णव असतील तर एक.

विक्रीसाठी आधी खास विज्ञानकथांची दुकानं गाठा. टोरांटोचं बाका-फीनिक्स १९७२पासून हेच करतंय. दरवर्षी ऑरोराची नामांकनं सुरू होण्याआधी पात्र कथांची यादी वाचकांना कळवा. संग्रह आणि त्यातली एकेक कथा वेगवेगळ्या विभागांत जाते, त्यामुळे प्रत्येक कथेचं नाव, लेखक आणि विभाग स्वतंत्र ओळीत लिहा, आणि तीच यादी लेखकांनाही पाठवा.