कुत्र्याचे दात घासताना तोंड उघडायला जाऊ नका

"कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच," या सल्ल्यापायी आमच्या भुऱ्याची चार वर्षं फुकट गेली. तो वास बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. त्यातला एक पोर्फिरोमोनस गुले, माणसाच्या हिरड्या पोखरणाऱ्या पोर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिसचा भाऊबंद. त्याला हवा मानवत नाही, म्हणून तो दात आणि हिरडीच्या फटीत दडून बसतो. आपल्याला वरचं पिवळं कीटण तेवढं दिसतं.

दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊ लागतो. तेव्हा रविवारी एकदा घासून भागत नाही, रोज घासायचं. मऊ ब्रश आणि कुत्र्यांचीच पेस्ट घ्या. आपली पेस्ट अजिबात नको. तो थुंकत नाही, गिळतो. काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असतं, ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

पहिले आठ दिवस पेस्ट नुसती बोटाने चाटवा. मग ओठाखालून बोट फिरवा, मग ब्रश. पुढचे दात आणि सुळे कुणालाही जमतात.

खरी परीक्षा वरच्या मागच्या मोठ्या दाढेची. तिच्यासमोरच गालातल्या लाळग्रंथीची नळी उघडते, त्यामुळे कीटण तिथे सगळ्यात जास्त. मी सुरुवातीला समोर बसून जबडा फाकवायचो. अंगठ्यावरचा व्रण अजून आहे, आणि पुढे महिनाभर ब्रश दिसला की भुऱ्या पलंगाखाली. तोंड उघडायची गरजच नसते, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच्या बाजूला बसा, तोंड मिटलेलंच राहू द्या. ओठाचा कोपरा बोटाने हलकेच मागे आणि वर ओढा. गालाचा खिसा तयार होतो, ब्रश त्यात सरकवा. ब्रशचे केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरून बारीक गोल फिरवा. दहा आकडे मोजा आणि त्याने मान झटकायच्या आत थांबा. हे 'आत' महत्त्वाचं. झटकल्यावर सोडलंत तर झटकलं की सुटका, हे तो एका दिवसात शिकतो. दाताची आतली बाजू सोडून द्या, जीभ ती बरीचशी सांभाळते.

थोडं रक्त दिसलं म्हणून लगेच बंद करू नका, ती हिरडीची सूज असते. दात हलत असेल, दुखत असेल किंवा जाड कीटण असेल, तर मात्र आधी डॉक्टर. भूल न देता दात 'स्वच्छ' करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. वरचं कीटण खरवडून दात चकचकीत दिसतो, हिरडीखालचं सगळं तसंच राहतं.

आणि हाडं! नखाने दाबून खूण पडत नाही अशी वस्तू चघळायला देऊ नका. भुऱ्याची डावीकडची हीच वरची मोठी दाढ नळीच्या हाडावर उभी चिरली. शेवटी काढावी लागली.