मेकअपचा पोर्टफोलिओ: त्वचा दिसू द्या

मेकअपचा कोर्स करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली मला त्यांचं काम दाखवतात, तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट खटकते. फोटो भरपूर असतात, पण एकाही फोटोत त्वचा दिसत नाही. ॲपने गाल गुळगुळीत केलेले, रंग उजळलेला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब. ती तुमच्या कन्सीलरने झाकली की फिल्टरने, हे बघणाऱ्याने कसं ओळखायचं? काम देणारा माणूस पोर्टफोलिओत तुमचा हात बघत असतो, आणि हात फक्त खऱ्या त्वचेवर दिसतो.

म्हणून सुरुवात फोनचा ब्यूटी मोड बंद करण्यापासून. सकाळी खिडकीजवळ मॉडेलला बसवा, ऊन थेट अंगावर नको. मेकअपआधीचा आणि नंतरचा फोटो त्याच जागी, त्याच उजेडात घ्या. आधीचा मुद्दाम काळोखात आणि नंतरचा रिंगलाइटसमोर काढलेला जाणकाराला लगेच कळतो. एक फोटो समोरून, एक तिरका, एक डोळे मिटून, म्हणजे आयशॅडोचं ब्लेंडिंग दिसेल. आणि एक असा, ज्यात जबड्याची कड, मान आणि कानाची पाळी एकत्र येते. चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या, ही चूक तिथेच पकडली जाते. मी तरी आधी तिथेच बघते.

रंगाबद्दल मी आग्रही आहे. सावळ्या मुलीला दोन-तीन शेड उजळ केलेला फोटो दिसला की तो पोर्टफोलिओ मी पुढे बघत नाही. आपल्याकडच्या नवऱ्या गव्हाळ आहेत, सावळ्या आहेत, काळ्या आहेत. त्यांचा अंडरटोन, म्हणजे त्वचेखालची रंगछटा, ओळखून त्यांच्याच रंगात त्यांना खुलवता येतं, हे दाखवणारे किमान तीन-चार चेहरे हवेत. गालावर वांग असलेली एखादी वहिनी, मुरुमांचे डाग असलेली कॉलेजची मैत्रीण, पन्नाशी-साठीची काकू यांना आवर्जून बसवा. वांगावर, फाउंडेशनखाली, डाग दाबणारा नारिंगी करेक्टर किती पातळ लावला, सुरकुत्यांत पावडर साचू दिली नाही, हे क्लोजअपमध्ये दिसलं पाहिजे. लग्नात नवरीइतकीच तिची आई आणि सासूही मेकअप करून घेते. त्यांना स्वतःसारखा चेहरा तुमच्याकडे दिसला नाही, तर त्या दुसरीकडे जातात.

मुंबईत अजून एक परीक्षा आहे, घामाची. पहाटे पाचला केलेला मेकअप मुहूर्त, होमाचा धूर, मामा-मावश्यांच्या गळाभेटी आणि रडणं यांतून दुपारच्या जेवणापर्यंत टिकतो का, हाच नवरीच्या आईचा खरा प्रश्न असतो. त्यामुळे सप्तपदीनंतरचा एक फोटो घ्याच, वेळ लिहून. थोडी चकाकी आली असेल तर येऊ दे. पहाटेचा आणि दुपारचा फोटो शेजारी ठेवलात, की तुम्हाला फार बोलावं लागत नाही. मे महिन्यातल्या बिगर-एसी हॉलमधला असा जोड मिळाला तर तो पहिल्या पानावर.

मराठी नवरीच्या लुकमध्ये काही जागा खास तपासल्या जातात. नथीमुळे नाकपुडीवरचा बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, निघतो, मुंडावळ्या कपाळावर घासतात, चंद्रकोर घामाने पसरते. या तिन्ही जागांचे जवळून काढलेले फोटो ठेवा. नऊवारी आणि खोप्याचा पूर्ण उभा फोटो एखादाच पुरतो. फ्लॅशमध्ये काढलेलाही एक हवा. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, किंवा सिलिका पावडरचा जाड थर फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका दाखवतो. ते टाळता येतं, याचा पुरावा या एका फोटोने मिळतो.

काम नसताना काम दाखवायचं कसं, तर कोलॅब शूट. फोटोग्राफर, मॉडेल, स्टायलिस्ट आणि तुम्ही, कुणीच कुणाला पैसे देत नाही, फोटो सगळ्यांना मिळतात. पण आधी व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या: किती फोटो मिळणार, कधी, आणि रिटच न केलेले क्लोजअप मिळणार की नाही. ही शेवटची अट सोडू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर फोटोंचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. कोलॅबमध्ये तसं नसतं, तिथे तो साधारणपणे फोटोग्राफरचाच राहतो. म्हणून वापरायची परवानगी लेखी हवी, मॉडेलचीही. आणि रविवारी शूट ठेवणार असाल तर आधी लोकलचा मेगाब्लॉक बघा.

मालिका, सिनेमा किंवा नाटकाकडे जायचं असेल तर वेगळा पोर्टफोलिओ बनवा. नवरीच्या मेकअपचे फोटो तिथे उपयोगाचे नाहीत. तिथे वय वाढवणं, चिकटवलेली दाढी, जखम, भाजल्याची खूण बघतात. एकाच चेहऱ्याची तीन रूपं करून दाखवा. त्याहून महत्त्वाची कंटिन्युइटी: आज आणि चार दिवसांनी तोच लुक हुबेहूब करून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो. मालिकेचा मेकअप प्रमुख यावर थांबतो, कारण त्याचं रोजचं दुखणं तेच आहे. नाटकासाठी केलेली रंगभूषा जवळून भडक वाटते. तिचा एक फोटो शिवाजी मंदिरसारख्या थिएटरच्या मागच्या रांगेतून काढलेला असावा, भुवया आणि डोळे तिथवर पोचतात का ते कळेल. सेटवरचे फोटो मात्र एपिसोड दाखवून होईपर्यंत आणि निर्मात्याने हो म्हटल्याशिवाय कुठेही टाकू नका.

मुलींनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या संघटनेत अनेक दशकं बायकांना सदस्य म्हणून हेअर ड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्टचं नाही, म्हणजे सेटवर मेकअप करायला बंदीच. चारू खुराना आणि इतर काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ला न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. आज आपण सेटवर उघडपणे ब्रश हातात घेतो, तो त्यांच्यामुळे. त्यामुळे ‘हेअर पण करते’ असं लिहून स्वतःला आडबाजूला ठेवू नका. मेकअपचं काम हवंय, तर वर मेकअप आर्टिस्ट असंच लिहा.

किती फोटो? पंधरा ते वीस, त्याहून जास्त नकोत. दोन फोटोंमध्ये तेच कौशल्य दिसत असेल तर एक वगळा, कितीही आवडता असो. व्हॉट्सॲपवर पटकन उघडेल अशी हलकी पीडीएफ करा. इन्स्टाग्रामवर नवरी, पार्टी, कॅरेक्टर अशा हायलाइट वेगळ्या ठेवा. पहिल्या पानावर नाव, कामाचा प्रकार आणि राहण्याची जागा. बदलापूरला राहणाऱ्या मुलीला वांद्र्यात पहाटे चारला कामावर हजर व्हायचं असेल तर ती आदल्या रात्रीच पोचणार का, हे विचारलंच जातं. उत्तर तिथेच लिहून ठेवा. फोटोखाली श्रेय द्या. एखाद्या मोठ्या आर्टिस्टला असिस्ट केलं असेल तर ‘मुख्य मेकअप अमुक यांचा, बेस मी केला, साडी मी नेसवली’ असं स्पष्ट लिहा, तेही त्यांना विचारून. असिस्टंट म्हणून केलेलं काम कमीपणाचं नाही. घाईच्या खोलीत चार नवरींचा बेस वेळेत करणारी मुलगी सगळ्यांनाच हवी असते, आणि बहुतेकींचं पहिलं पैशांचं काम तिथूनच येतं.