कॉफीशॉपबद्दल गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकताना या चुका टाळा

‘कॉफी वेगळी आहे.’ पुण्यात कॉफीशॉप काढायचं असेल तर या तीन शब्दांचा अर्थ आधी पाठ करून ठेवा. पहिले दोन महिने मी हे कौतुक समजून खूश होत होतो. काका कप अर्धा ठेवायचे, बिल द्यायचे, जाताना ‘छान केलंय हो दुकान’ असंही म्हणायचे, आणि पुन्हा फिरकायचे नाहीत.

आमचं दुकान कर्वेनगरातलं, बावीस खुर्च्यांचं, कुठल्या साखळीतलं नाही. सात वर्षांत लोकांच्या मतांमुळे बरंच सुधारलं, पण ती मतं चुकीची वाचून मी बिघडवलंही कमी नाही. बहुतेक चुकांचं मूळ एकच होतं. मत आलं की त्यातले शब्द धरून मी कामाला लागायचो. ते कुठल्या खुर्चीवरून आणि किती वाजता आलंय, हे विचारायचोच नाही.

तारे मोजत बसणं

हे लवकर उरकतो. चाळीस मतांवर सरासरी ४.६ असेल आणि एखाद्याने एकच तारा दिला, तर ती ४.५ वर येते. चारशे मतं असतील तर त्याच एका ताऱ्याने आकडा जागचा हलतही नाही. म्हणजे नव्या दुकानाचा आकडा घसरला तर बऱ्याचदा त्यात दुकानापेक्षा गणिताचा हात जास्त असतो. मी मात्र त्या ०.१ साठी दोन रात्री जागलो आहे. तारे बाजूला ठेवा, खाली लिहिलेलं वाक्य वाचा, आणि लिहिलेल्याची वेळ बघा.

‘कॉफी गार होती’ वाचून थेट मशीनवाल्याला फोन

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. ती नीट समजायला आपल्या घरातली कॉफी आठवावी लागते. दूध-पाणी-साखर उकळून, वर जायफळ किसून, कपातून वाफा निघत असताना समोर येणारी. साठीपुढच्या गिऱ्हाइकाच्या जिभेवर कॉफी म्हणजे ती. फिल्टर कॉफीची सवय असलेल्यालाही डबऱ्यात (पेल्यासोबतच्या पसरट वाटीत) ओतून गार करण्याइतकी गरम लागते. आपण कॅपुचिनोचं दूध तापवतो ६० ते ६५ अंशांपर्यंत, कारण त्या टप्प्यावर ते गोड लागतं आणि फेस मऊ राहतो. सत्तरच्या पुढे गेलं की उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेस फुटायला लागतो. म्हणजे मशीनवर कॉफी करणारा बरिस्ता शिकलाय ते बरोबर, आणि काकांना कॉफी गार लागली तेही खरं.

पण प्रत्येक ‘गार’ हे जायफळवालं नसतं. मी स्वयंपाकघरातलं थर्मामीटर घेऊन मशीनपाशी उभा राहिलो, ६३ अंश दिसले, आणि ‘लोकांना कळत नाही’ म्हणून मोकळा झालो. ही खरी चूक. मोजायचं टेबलावर. आमच्याकडे मोजलं तेव्हा दाराजवळच्या नऊ नंबरला कप पोचेपर्यंत पन्नासच्या आसपास यायचा. कारणं तीन निघाली. डिसेंबरच्या सकाळी जाड चिनीमातीचे कप फडताळातून थंडगार निघायचे आणि निम्मी ऊब तेच पिऊन टाकायचे. तयार कप काउंटरवर सँडविच होईपर्यंत थांबायचा, कारण पोराला एका फेरीत दोन्ही न्यायचं असायचं. आणि नऊ नंबरच्या बरोबर वर एसीचा झोत.

उपाय स्वस्त होते. कप मशीनच्या डोक्यावर उपडे ठेवले, ती जागा त्याचसाठी असते. कॉफी झाली की सँडविचची वाट न बघता निघायची. एसीची पट्टी वर वळवली. आणि ऑर्डर घेताना एक प्रश्न वाढवला: ‘नेहमीची, की कडक गरम?’ कडक गरम म्हटलं की सत्तरपर्यंत न्यायची, फेस थोडा बसला तर बसू दे. कॉफीची पुस्तकं वाचलेल्या मंडळींना हे पटत नाही. त्यांना मी नऊ नंबरवर बसवतो.

‘सर्व्हिस स्लो’ म्हटलं की पोरांना पळवणं

मी आधी पोरांना ओरडलो. मग एक जास्तीचा माणूस ठेवला. तक्रार होती तिथेच. शेवटी एका रविवारी सकाळी साडेदहाला भाच्याला गिऱ्हाईक म्हणून पाठवलं आणि मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून घड्याळ लावून बघत बसलो. ऑर्डर दिल्यापासून कप यायला सहा मिनिटं लागली. त्यात वावगं काही नव्हतं. पण दारातून आत आल्यापासून कुणी त्याच्याकडे मान वर करून बघायला चार मिनिटं गेली होती. काउंटरवर जाऊन सांगायचं की बसून राहायचं, हेच त्याला कळेना. तो एकदा उठला, परत बसला, मोबाइल काढला.

आपल्याकडे उडप्याच्या हॉटेलात बसल्या बसल्या पाण्याचे ग्लास समोर आदळतात. त्यात अदब नसते, पण ‘तुम्ही आलात ते आम्ही पाहिलंय’ एवढा निरोप असतो. आपण कॉफीशॉपवाल्यांनी पाणी कोपऱ्यातल्या जारमध्ये ठेवलं आणि तो निरोपच बंद केला. आता आमच्याकडे दारात पाटी आहे: ‘आधी बसा. आम्ही येतो.’ आणि पाणी टेबलावर येतं. कप यायला अजूनही सहाच मिनिटं लागतात; ‘स्लो’ हा शब्द मात्र क्वचित ऐकू येतो. हाताने ओतून केलेली फिल्टर कॉफी असेल तर ‘हिला पाच-सात मिनिटं लागतील, चालेल ना?’ हे ऑर्डर घेतानाच सांगायचं. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

शेवटाकडेही तेच. बिल मागितल्यावर जो वेळ जातो, तो माणूस घरी घेऊन जातो.

बोलण्याबद्दल एक. आमच्या पोरांना कुणीतरी ‘सर-मॅम’ शिकवून पाठवलं होतं. रोज संध्याकाळी येणाऱ्या एका आजींनी तिसऱ्या दिवशी आमच्या पोराला थांबवलं, ‘मला मॅम नको म्हणूस रे, शाळेत असल्यासारखं वाटतं. आजी म्हण.’ तो मूळचा आसामचा, मराठी जेमतेम, पण ‘आजी, साखर?’ एवढं शिकला. त्यानंतर सर्व्हिसबद्दलच्या चांगल्या मतांत त्याचंच वर्णन यायला लागलं. कॉलेजच्या मुलीला मात्र ताई म्हटलेलं प्रत्येक वेळी आवडतंच असं नाही. तिथे ‘तुम्ही’ पुरतं.

‘ॲट्मॉस्फिअर’ म्हणजे भिंतीचा रंग समजणं

‘म्युझिक फार मोठं’ असं चार जणांनी लिहिलं, मी गाणी बंद केली. पुढच्या आठवड्यात: ‘फारच शांत, कुजबुजल्यासारखं बोलावं लागतं.’ मग मी वैतागून हे लोक कशानेच खूश नाहीत असं ठरवलं. मालक लोक या टप्प्यावर मतं वाचणं सोडतात.

झालं होतं ते असं. खाली कोटा फरशी, पुढे पूर्ण काच, वर उघडं काँक्रीट. आवाज शोषणारं काही नाही. गर्दी झाली की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या वर बोलतो, मग शेजारी त्याच्या वर. गाणी त्यात शेवटची भर घालत होती, एवढंच. डेसिबलचं मोजमाप साधं बेरजेचं नसतं. दहाने वाढलं की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं, म्हणून ‘थोडाच फरक आहे’ हे मालकाचं मत धरू नये. आम्ही खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावल्या, काचेला जाड सुती पडदे, एका भिंतीवर घोंगडी ताणून लावली. चार नंबरचं टेबल कॉफीचा चोथा ठोकायच्या डब्याला लागून होतं. दर दोन मिनिटांनी ठक्-ठक्. तो डबा पलीकडे सरकवला. गाणी पुन्हा सुरू झाली आणि मोठ्या आवाजाची तक्रार पुन्हा आली नाही.

हे काउंटरमागून कधीच कळलं नसतं. प्रत्येक खुर्चीवर एकेक तास बसा, तेही गर्दीच्या वेळी. मला बसल्यावर कळलं की अकरा नंबर डुगडुगतं आणि पोरं त्याखाली रोज नवा कागद दुमडून ठेवतात, सहा नंबरवरून बाथरूमचं दार उघडलं की आतलं सगळं दिसतं, आणि बाहेरच्या दोन टेबलांवर साडेसहानंतर डास चावतात. ‘बाहेरची बैठक छान, पण फार वेळ बसवत नाही’ असं एकाने लिहिलं होतं. मी त्या ‘पण’मुळे गाद्या बदलल्या होत्या.

पावसाळ्यात एवढं बघा: छत्री ठेवायला बादली आहे का, पायपुसणं ओलं होऊन कुबट वास मारतंय का. बाकी सजावट कुणाच्या लक्षात राहत नाही.

उलटसुलट मतांची सरासरी काढणं

एकाला लॅपटॉप घेऊन तीन तास बसायचंय, दुसऱ्याला रविवारी चौघांची जागा हवी. मी मध्यम मार्ग म्हणून पाटी लावली: ‘एका कॉफीवर एक तास.’ पुण्यात नियमाची पाटी लावायचं धाडस करू नये, तिचं भविष्य ठरलेलं असतं. फोटो निघाला, फिरला, आणि ज्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं तेही आमच्या खडूसपणावर बोलू लागले. लॅपटॉपवाले दुखावले आणि कुटुंबवाल्यांना तरीही जागा मिळाली नाही, कारण ते तासापेक्षा जास्तच बसतात.

दोघंही खरंच सांगत होते, फक्त वेगवेगळ्या वेळेबद्दल. मंगळवारी दुपारी तीनला लॅपटॉपवाला आपला अन्नदाता असतो. आता भिंतीकडच्या चार जागांना प्लग आहेत, तिथे कितीही बसा. मोठं टेबल शनिवार-रविवारी लॅपटॉपशिवाय. हे मेन्यूवर लिहिलंय, भिंतीवर नाही.

उत्तर देताना होणाऱ्या चुका

कॅमेऱ्याचं फुटेज बघून ‘तुम्ही १२ मिनिटं थांबलात, २० नाही’ असं उत्तर मी एकदा दिलं आहे. मी बरोबर होतो. वाचणाऱ्या प्रत्येकाला मात्र एवढंच कळलं की हा माणूस गिऱ्हाइकावर कॅमेरा रोखून बसतो. उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी कमी आणि पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी जास्त असतं. दोन-तीन ओळी पुरतात: काय चुकलं, काय बदललं. बदललं नसेल तर तसं लिहू नका, लोक येऊन बघतात.

नातेवाइकांकडून पाच तारे लिहून घेऊ नका, आणि ‘पाच तारे द्या, ब्राउनी घ्या’ तर मुळीच नको. गूगलच्या नियमांत मोबदल्यातलं मत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन मतांसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय. शिवाय मावसभावाची भाषा लगेच ओळखू येते. ‘एकदा अवश्य भेट द्या’ असं खरं गिऱ्हाईक सहसा लिहीत नाही.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावत असाल तर सर्व्हिसबद्दल चांगलं मत विसरा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते लावायला मनाई केली, दुसऱ्या नावानेही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती तत्त्वं उचलून धरली. गिऱ्हाइकाला १९१५ हा हेल्पलाइन नंबर माहीत असतो असं धरूनच बिल छापा.

आणि वाईट मत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून ‘हे कुणाच्या टेबलावर झालं?’ असं विचारू नका. मी विचारलं. त्यानंतर वर्षभर पोरांनी मला एकही तक्रार स्वतःहून सांगितली नाही.

‘सगळं छान ना?’ असं विचारणं

या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो, छान’ एवढंच उत्तर देतो. भिडस्तपणा आहे आपल्यात. ‘ठीक आहे’ म्हणाला तर वाईट होती समजा, आणि ‘वेगळी आहे’चं वर सांगितलंच. त्यापेक्षा ‘कडू झाली का जरा?’ असं बोट ठेवून विचारा, मग माणूस बोलतो: ‘कडू नाही हो, आंबट लागली.’

आंबटाचं कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. चिकमगळूरची हलकी भाजलेली अरेबिका जातीची कॉफी थोडी आंबटसर असतेच, तेव्हा मी गिऱ्हाइकांना फळांच्या चवीवर व्याख्यान द्यायचो. एकाला वाटलं दूधच नासलंय. शेवटी आमच्या भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘दादा, सकाळचे कप अर्धे येतात. दुपारचे रिकामे.’

बीन्स त्याच, दूध तेच, पोरगाही तोच. फरक फक्त वेळेचा. आम्ही मशीन साडेसातला लावायचो आणि आठला पहिला कप द्यायचो. प्रेशरचा काटा पंधरा मिनिटांत जागेवर येतो, पण ज्यात पावडर भरून मशीनला लावतो तो दांडा आणि वरचा धातूचा भाग अजून थंड असतो. पाणी तिथे पोचता पोचता निवतं, कॉफी अर्धवट उतरते आणि आंबट होते. त्यात पावसाळ्यात दळण रोज हलतं. १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅम कॉफी पंचवीस-तीस सेकंदांत यायला हवी, ती अठरा सेकंदांतच धो-धो यायची.

आता मशीन सातला लागतं, दांडा जागेवर अडकवूनच तापतो, आणि पहिले दोन शॉट सिंकमध्ये जातात. मावशी घासायच्या आधी सकाळचे कप एका ट्रेमध्ये बाजूला ठेवतात. साडेदहाला मी तो ट्रे बघतो, आणि मगच फोन उघडतो.