रोबोला चालायची परवानगी कशी द्यावी

गोदामात पॅलेट वाहून नेणाऱ्या रोबोंचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. टीममध्ये नवीन आलेली मुलं पहिल्याच दिवशी नकाशा, मार्ग आणि कॅमेऱ्याच्या मॉडेलबद्दल विचारतात. मी त्यांना आधी थांबण्याचं गणित करायला बसवते.

समजा रोबो सेकंदाला १.५ मीटर वेगाने चाललाय. माणूस दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत ०.३ सेकंद गेले, तर तेवढ्यात तो ४५ सेंटीमीटर पुढे सरकतो. मग दर सेकंदाला वेग १ मीटरने कमी होत गेला, तर आणखी ११२ सेंटीमीटर. आता वर जड पॅलेट आहे, पावसाळ्यात लोडिंग डॉकजवळची फरशी ओली आहे, म्हणून ब्रेकची ताकद निम्मी धरा. एकूण अंतर २.७ मीटर होतं. डेटाशीटवरचा आकडा उचलू नका. भरलेला रोबो झिजलेल्या चाकांवर, उतारावर थांबवून टेपने मोजा आणि त्यातला सगळ्यात वाईट आकडा वापरा.

कोडमध्ये ‘अंतर ३ मीटरपेक्षा कमी असेल तर थांब’ असं लिहू नका. सेन्सरने कधी आकड्याऐवजी नॅन (NaN, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ अशी खूण) पाठवला, तर नॅनशी केलेली कमी-जास्तची प्रत्येक तुलना खोटी ठरते. अट लागू होत नाही आणि रोबो सरळ पुढे जातो. अट उलटी लिहा: ‘अंतर ३ मीटरपेक्षा जास्त असेल आणि ते माप ताजं असेल, तरच चाल’. आता तोच नॅन रोबोला थांबवतो. थांबलेलं असणं ही मूळ स्थिती, चालायला परवानगी लागते, असं धरूनच बाकीचंही लिहा. वेगाच्या आदेशालाही मुदत हवी. ठरलेल्या मुदतीत, समजा २०० मिलिसेकंदांत, नवा आदेश आला नाही, तर मोटर ड्रायव्हरने, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटने, स्वतःहून चाकं थांबवायला हवीत. रोबो चालू असताना नेव्हिगेशनचा, म्हणजे वाट ठरवणारा, प्रोग्राम मधेच बंद पाडा, नेटवर्कची केबल उपटा आणि हे खरंच घडतं का ते पाहा.

तरीही माणसाचा जीव फक्त तुमच्या कोडवर सोडायचा नाही. सेफ्टी स्कॅनर (लेसरने आजूबाजूचे अडथळे पाहणारा सेन्सर) आणि सेफ्टी कंट्रोलर वेगळे असतात, ते तुमच्या प्रोग्रामला न विचारता चाकं थांबवतात. अशा विनाचालक गाड्यांसाठीचं आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक २०२० मध्ये आलं. त्याच्या चाचणीत माणसाच्या पायाऐवजी ७० मिलिमीटर व्यासाचा उभा दंडगोल ठेवतात, आणि जमिनीवर पडलेल्या माणसाऐवजी २०० मिलिमीटरचा आडवा. पण स्कॅनर एकाच पातळीत, साधारण नडगीच्या उंचीवर पाहतो. फोर्कलिफ्टचे वर उचललेले काटे त्याला दिसत नाहीत. तिथे थ्रीडी कॅमेरा लागतो, आणि तुमचं खरं काम तिथे आहे.

ते करताना टेंपीचा अपघात लक्षात ठेवा. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या त्या शहरात उबरच्या चाचणीच्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला धडक दिली आणि ती दगावली. तपासात निघालं, की यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली, आणि दर वेळी वर्ग बदलला की तिच्या हालचालीचा आधीचा माग टाकून देत होती. हा तपशील मला फार अस्वस्थ करतो. ओळख पटली नाही तरी चालेल. काहीतरी आहे आणि ते वाटेत येतंय, एवढ्यावर वेग कमी झालाच पाहिजे.

आणि उगाच थांबणंही धोक्याचं समजा. दिवसभर अडून बसणाऱ्या रोबोला लोक कंटाळतात, मग कुणीतरी स्कॅनरचं क्षेत्र लहान करून घेतं. म्हणून प्रत्येक थांब्याचं कारण लॉगमध्ये नोंदवा, दर आठवड्याला शॉपफ्लोअरवरच्या लोकांसोबत ती यादी वाचा. स्क्रीनवर नुसता एरर कोड दाखवू नका. ‘डाव्या स्कॅनरच्या काचेवर धूळ आहे, पुसा’ असं त्या गोदामात बोलतात त्या भाषेत लिहा.