म्युनिकच्या प्रदर्शनात दागिन्यांच्या कलाकाराला भेटताना

जर्मनीतील म्युनिक शहरात साधारणतः मार्च महिन्यात हस्तव्यवसायांचा मोठा मेळा भरतो आणि त्यातच ‘श्मुक’ हे समकालीन दागिन्यांचे प्रदर्शन १९५९ पासून मांडले जात आहे. त्याच दिवसांत शहरभरातील कलादालनांत, कार्यशाळांत, कधी एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीतही, कलाकार आपापली छोटी प्रदर्शने लावतात. त्या सुमारास तिकडे जाणे होणार असेल तर किमान दोन दिवस यासाठी राखून ठेवावेत.

मुख्य प्रदर्शन शहराच्या पूर्व टोकाला असलेल्या मेसे या व्यापारमेळ्यांच्या संकुलात असते. तेथे यू-२ या भुयारी रेल्वेने जाता येते आणि मेळ्याचे तिकीट काढावे लागते. मात्र काचेच्या कपाटाशेजारी कलाकार उभा असेलच असे नाही. निवांत भेट हवी असेल तर शहरातील छोटी प्रदर्शने गाठावीत, आणि तीही उद्घाटनाच्या संध्याकाळी नव्हे, तर दुसऱ्या दिवशी दार उघडताच. उद्घाटनाला ओळखीच्या मंडळींची इतकी दाटी असते की नवख्या माणसाचे बोलणे दोन वाक्यांतच संपते.

त्याआधी पिनाकोथेक देअर मॉडर्न या संग्रहालयातील डॅनर रोटुंडा हे दागिन्यांचे दालन पाहून घ्यावे. सोन्याची पारख वजनावर आणि कसावर करणाऱ्या आपल्या नजरेला रबर, कागद, प्लॅस्टिक, गंजलेले लोखंड यांचे दागिने प्रथम परके वाटतात, आणि ते परकेपण कलाकारासमोर जाण्यापूर्वीच ओसरलेले बरे. म्युनिकच्या कला अकादमीत १९९१ ते २०१४ या काळात शिकवणाऱ्या ओटो क्युन्झ्ली यांनी १९८० मध्ये काळ्या रबराचे एक कडे केले. त्याच्या नळीत सोन्याचा एक गोळा दडवलेला आहे; बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा, आणि रबर झिजून फाटेपर्यंत आत सोने आहे यावर घालणाऱ्याने नुसता विश्वास ठेवायचा. ‘सोने आंधळे करते’ अशा अर्थाचे नाव असलेले हे कडे समजून घेतले की ‘यात सोने किती?’ हा प्रश्न कलाकाराला लगेच का विचारू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दालनात शिरताना ‘ग्रुस गॉट’ हे तिकडचे अभिवादन करावे, सगळी मांडणी एकदा शांतपणे पाहावी आणि मगच बोलायला जावे. सुरुवात कौतुकाने करण्यापेक्षा एका विशिष्ट वस्तूकडे बोट दाखवून, हा सांधा कसा जोडला किंवा हा रंग कशाने आला, असे विचारावे. हातांनी काम करणारी माणसे अशा प्रश्नावर मनापासून बोलतात. परवानगी मिळाल्यास ब्रोच उलटा करून पाहावा. पिन कोठे बसवली आहे, तिचे टोक कशात अडकते आणि मागची बाजू पुढच्या इतकीच निगुतीने पूर्ण केली आहे का, यावरून घडवणाऱ्याचा विचार समोरच्या बाजूपेक्षाही अधिक कळतो, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर तो घालून पाहण्याची विनंती जरूर करावी, कारण दागिना अंगावर चढला की त्याचा तोल आणि आकार दोन्ही निराळे भासतात. येथे मात्र वजनाचा प्रश्न अगदी योग्य ठरतो: जाड लोकरी कोटावर ताठ बसणारा ब्रोच रेशमी साडीच्या पदरावर कापड ओढत लोंबतो, आणि कोणत्या कापडावर तो चालेल हे कलाकारच नेमके सांगू शकतो. आपल्याजवळ चापाची नथ असेल तर ती सोबत न्यावी. नाक न टोचता ती कशी धरून राहते हे दाखवताच संभाषण बरोबरीचे होते.

छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, आणि किंमत विचारली तर घासाघीस करू नये. घडणावळ धातूच्या कितीतरी पट असणे येथे स्वाभाविकच आहे. घ्यायचे नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, त्यात अवमान नाही. घ्यायचे ठरले तर विकलेली वस्तू बहुधा प्रदर्शन संपेपर्यंत तेथेच राहते, म्हणून आपल्या परतीची तारीख आधी सांगून ती हाती कधी मिळेल हे ठरवून घ्यावे. बिलावर कलाकाराचे नाव, वर्ष आणि वापरलेले प्रत्येक साहित्य लिहून घ्यावे, म्हणजे विमानतळावरील कस्टमच्या अधिकाऱ्याला वस्तू काय आहे हे समजावणे सोपे जाते.