सामाईक काम टिकवायचं तर आधी वही उघडा

नोकरीची अठ्ठावीस वर्षं मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. तिथे साधा पाना खिडकीबाहेर गेला तरी रजिस्टरमध्ये ओळ पडायची: कुणी नेला, कधी नेला, कशासाठी नेला, परत आला तेव्हा कसा होता. निवृत्तीनंतर आमच्या इमारतीत तीन कामं उभी राहिली. ओल्या कचऱ्याचं खत, अवजारांचं सामाईक कपाट आणि महिन्यातून एकदा बिघडलेल्या वस्तूंच्या दुरुस्तीची बैठक. त्यातलं खताचं काम एकदा बंद पडलं आणि पाच महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. बंद पडलं त्याचं कारण उत्साह कमी होता असं नाही. उत्साह भरपूर होता, नोंद नव्हती. असं काही सुरू करू पाहणारे विचारतात, सुरुवात कुठून करू? मी सांगते, दोनशे पानी वही आणा.

पहिले आठ दिवस काहीही विकत घेऊ नका, फक्त मोजा. सामान तोलायचा हातातला काटा घ्या आणि सगळ्या घरांचा ओला कचरा रोज एकत्र तोलून लिहा. आमची चोवीस घरं, रोजचा कचरा साधारण बारा किलो निघाला. त्याआधी कुणी चाळीस म्हणत होतं, कुणी पाच, आणि खताचा हौद केवढा बांधायचा यावर दोन बैठका नुसत्या वादात गेल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून गेलं. हा आकडा वाचून माणूस सुन्न होतो. स्वतःच्या जिन्याखालचे बारा किलो कळले की मात्र काय करायचं ते सुचतं.

पाण्याचंही तसंच. रात्री सगळे झोपल्यावर मुख्य मीटरचा आकडा लिहा, पहाटे कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा लिहा. मधल्या वेळात टाकी भरत नसतानाही आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. छतावरच्या पावसाचा हिशोब तर फारच सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दीडशे चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर तीन हजार लिटर. त्यातलं थोडं उडून आणि मुरून जातं, पहिल्या सरीचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं, तरी टाकी केवढी हवी याचा अंदाज येतो.

वहीची शेवटची चार पानं माणसांसाठी ठेवा. कुणाला शिवण येतं, कुणाला वायरिंग कळतं, कुणाकडे शिडी आहे, कुणाला सकाळी अर्धा तास मोकळा असतो. हे दारोदार जाऊन विचारा. फोनवरच्या ग्रुपमध्ये विचारलं तर तीनच जण उत्तर देतात आणि तेच तिघे पुढे प्रत्येक कामाला जुंपले जातात.

खताचे तीन हौद

हौद किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच असावा. ढीग त्याहून लहान असला की आतली उष्णता बाहेर निघून जाते आणि कुजण्याचं काम रेंगाळतं. चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे, पण उंदीर शिरता कामा नये, म्हणून सहा मिलिमीटरची लोखंडी जाळी तळालाही लावा. हौद तीन हवेत: एक भरायचा, एक पिकत ठेवायचा, एक उपसायचा. आमचा एक हौद भरायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणजे भरलेल्या हौदाला पिकायला बारा आठवडे मिळतात.

खताची खरी किल्ली कोरड्या पाल्यात आहे. कुजवणाऱ्या जीवाणूंना नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. भाज्या-फळांच्या सालांमध्ये नायट्रोजन जास्त, वाळलेल्या पानांत कार्बन जास्त. तोलत बसायची गरज नाही. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन ते तीन बादल्या कोरडा पाला, एवढं प्रमाण डोक्यात ठेवा आणि नाकावर विश्वास ठेवा. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही, ढीग खालीवर करा आणि पाला मिसळा. मूठभर माल घट्ट पिळल्यावर एखाद-दोन थेंबच यावेत. धार लागली तर फार ओलं, मूठ उघडताच भुरभुर झालं तर पाणी शिंपडा.

आतली उष्णता बघायला लांब दांडीचा थर्मामीटर मिळतो. तो नसेल तर लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर ढीग उत्तम चाललाय. ५५ अंश सेल्सियसच्या वर तीन दिवस राहिलेल्या भागात रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं, म्हणूनच कडेचा माल मध्ये आणि मधला कडेला असा फिरवायचा असतो. जाड, करड्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून फोन करतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. वर पाल्याचा जाड थर दिला की दिसेनाशा होतात. पहिल्या वर्षी तेलकट, शिजवलेलं आणि मांसाहारी उरलेलं काही टाकू नका. खत झालं का ते बघायचं तर ओलसर मूठभर माल पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर चाळून वापरा. आंबूस आला तर अजून थांबा.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, तरी आमचं काम बंद पडलं. सलग पाऊस होता. पाल्याची पोती संपत आली होती, पण ती किती उरली हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याच वेळी घरातल्या आजारपणामुळे मला वीस दिवस बाहेरगावी राहावं लागलं. फावडं आणि किल्ली माझ्याकडे, कोणत्या दिवशी काय करायचं तेही माझ्या डोक्यात. हौदातून काळं पाणी गळून गाड्यांच्या जागेपर्यंत गेलं, माश्या झाल्या आणि मी परत यायच्या आत बैठकीत काम बंद करायचं ठरलं. लोकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या हातात काम नव्हतं, त्यांच्या वाट्याला फक्त वास आला.

पुन्हा सुरू केलं तेव्हा पानगळीतच पुढच्या सहा महिन्यांचा पाला भरून ठेवला. उद्यानांचे आणि मोठ्या संस्थांचे माळी पोतीच्या पोती द्यायला तयार असतात, नाहीतर तो पाला जाळला जातो. दर रविवारी उरलेल्या पोत्यांचा आकडा वहीत जातो आणि आकडा दहाच्या खाली गेला की तांबड्या शाईने लिहायचा. किल्ल्या दोन. पाळ्या आठवड्याच्या, प्रत्येक पाळीला दोन घरं, त्यातलं एक आधी पाळी केलेलं.

नियम कुणी करायचे

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीने आयुष्यभर याच प्रश्नाचा अभ्यास केला: सामाईक कुरणं, जंगलं, मासेमारीचं पाणी काही ठिकाणी लोक शेकडो वर्षं कसं टिकवतात? १९९० मध्ये तिने त्यामागची आठ तत्त्वं मांडली. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने दाखवलेल्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधलं ट्योर्बेल हे डोंगरातलं गाव आहे. तिथे १५१७ सालचा नियम होता की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच गावकऱ्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. मला हा नियम फार आवडतो. प्रत्येकाचा वाटा कुणालाही मोजता येतो, भांडायला जागाच राहत नाही. आम्ही त्यावरूनच ठरवलं की तयार खत पाळ्यांच्या हिशोबाने वाटायचं. ज्या घराच्या चार पाळ्या, त्याला चार वाटे.

त्या आठांतली तीन तत्त्वं मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवली आहेत. ज्यांना नियम पाळायचा त्यांनीच तो करावा आणि बदलावा. लक्ष ठेवणारा आपल्यातलाच असावा. चुकीबद्दलची शिक्षा हळूहळू वाढावी. आमच्याकडे ओल्या कचऱ्यात प्लास्टिक आलं तर पहिल्यांदा दारावर जाऊन शांतपणे बोलायचं, दुसऱ्यांदा त्या घराने एक जादा पाळी करायची, तिसऱ्यांदा महिनाभर त्यांचा कचरा हौदात घ्यायचा नाही. तिसरी पायरी अजून वापरावी लागलेली नाही. ग्रुपवर फोटो टाकून कुणाचं नाव जाहीर करणं मात्र कधीही करू नका. ज्याचं नाव असं जाहीर होतं तो माणूस सुधारत नाही, तो कायमचा दूर जातो.

कपाट आणि दुरुस्ती

अवजारांच्या कपाटासाठी आधी यादी करू नका, घराघरांत पडून असलेलं मागा. कपाटाच्या आतल्या फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्याकृती जाड रंगाने काढा. पक्कड जागेवर नसेल तर रिकामी आकृती लांबूनच दिसते, मोजदाद करावी लागत नाही. वहीत पाच रकाने पुरतात: वस्तू, कुणी नेली, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, अवस्था. शेवटचा रकाना सोडलात तर कपाट टिकणार नाही. आमचं ड्रिल मशीन एकदा जळका वास मारत परत आलं आणि ते कुणाच्या हातून बिघडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. आता विजेवरचं प्रत्येक यंत्र परत करणाऱ्याच्या समोर चालवून बघतो, मगच नोंद. गार्ड नसलेला ग्राइंडर आणि यांत्रिक करवत कपाटात ठेवू नका, त्यांची जबाबदारी आपल्याला पेलणारी नाही.

दुरुस्तीच्या बैठकीची कल्पना मार्टिन पोस्टमा या बाईंची. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला त्यांनी पहिलं रिपेअर कॅफे भरवलं आणि आता ती बऱ्याच देशांत भरतात. चार टेबलं, चांगला उजेड, वीज मोजायचा एक मल्टिमीटर आणि शिलाई मशीन एवढ्यावर सुरुवात होते. वस्तूचा मालक शेजारी बसलाच पाहिजे, वस्तू ठेवून जायची सोय नाही, नाहीतर ते फुकटचं दुकान होतं. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, स्क्रू क्रमाने कागदावर चिकटवा. आयफिक्सिट या संकेतस्थळावर दुरुस्तीच्या सचित्र मार्गदर्शिका मोफत मिळतात. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विजेचा दाब राहू शकतो.

आवारातली झाडंही वहीत घ्या. प्रत्येकाला क्रमांक, खोडाचा घेर वर्षातून एकदा, कोवळ्या झाडांना पाणी घातल्याची खूण. जात ओळखता येत नसेल तर आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखायच्या संकेतस्थळावर पान, फूल आणि सालीचा फोटो टाका. तिथले जाणकार ओळख पटवून देतात.

आणि वर्षातून एकदा वही दुसऱ्याच्या हातात द्या. देताना महिनाभर दोघांनी मिळून चालवा: पाल्याची पोती कुठून येतात, कोणत्या माळ्याला कोणत्या दिवशी भेटायचं, हौदाची कोणती कडी अडकते, शिडीचा कोणता पाय डुगडुगतो. हे सगळं नव्या माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहावं. तुमच्या अक्षरातलं त्याला कदाचित वाचता येणार नाही.