मोटरसायकलची थरथर कमी करायचीय? घरगुती उपाय करताना या चुका टाळा

साठ-सत्तरच्या पुढे गेलं की हँडल झिणझिणतं, आरशातला मागचा ट्रक एकाचे दोन दिसतात आणि घरी पोचल्यावर बोटांना मुंग्या आलेल्या असतात. जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर बीडहून संभाजीनगर गाठणाऱ्यांना हे नवीन नाही. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी डॉक्टर भेटतोच: "गाडी लई थरथरायली का? फाउंडेशनला ट्यूबचे तुकडे टाक की, एकदम गार पडती बघ." पडते गार, थोडे दिवस. त्यानंतर गॅरेजवाल्याचं काम वाढतं.

घरगुती उपाय वाईट नसतो, पण तो कुठे करायचा हे बहुतेकांचं चुकतं. आपले हात, पाय आणि बूड जिथे गाडीला टेकतं तिथे हवे तेवढे प्रयोग करा. इंजिन चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे बोल्टने धरलेलं आहे (यालाच फाउंडेशन म्हणतात) तिथे करू नका.

एका सिलिंडरचं इंजिन थोडं तरी थरथरणारच. ६००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर जाऊन खाली येतो, आणि प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना थांबून उलटा फिरतो. पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावरचं, म्हणजे क्रँकवरचं वजन त्यातला काही झटका खातं. सगळा खायचा म्हणून ते वजन वाढवलं तर वर-खालीचा झटका पुढे-मागे होतो, एवढंच. म्हणून काही इंजिनांत हा झटका मारायला वजनाचा वेगळा फिरता दांडा, म्हणजे बॅलन्सर शाफ्ट घालतात. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिओर ३५०ला दिलेल्या नव्या इंजिनात तो आहे. जुन्या बुलेटवरून त्या गाडीवर बसलेल्याला फरक विचारा. तुमच्या गाडीत तो नसेल तर ट्यूबच्या तुकड्याने येणार नाही. त्यामुळे गाडी थरथरते का, यापेक्षा पूर्वीपेक्षा जास्त थरथरायला लागली का, हे आधी ठरवा.

चूक: रोग न शोधता औषध

आपल्याकडे यात रस्त्याचीही भर पडते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत लाटा घेतो. अशा रस्त्यावरचे हादरे इंजिनच्या नावावर टाकू नका. गुळगुळीत, मोकळा पट्टा शोधा आणि ज्या स्पीडला थरथर येते त्या स्पीडला गाडी न्या. क्लच दाबा, रेस सोडा, गाडी आपोआप धावू द्या. थरथर लगेच गेली तर भानगड इंजिनकडची किंवा चेनवर ताण आल्यावरची. तशीच राहिली तर चाक, टायर, चाकाचं बेअरिंग किंवा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) बघा.

पहिल्या प्रकारात आणखी एक परीक्षा. गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये ठेवून रेस हळूहळू वाढवा. रस्त्यावर असते तशीच थरथर इथेही एका ठराविक रेसला आली तर दोष इंजिनमध्ये किंवा त्याच्या पकडीत आहे. इथे नाही आणि रस्त्यावर आहे, तर चेन-स्पॉकेट आणि मागच्या हबमधले रबर तपासा. हे रबर चपटे झाले की मागचं चाक स्पॉकेटच्या आत लटलट हलतं. गाडी गिअरमध्ये टाकून चाक हाताने पुढे-मागे करून बघा, लगेच कळतं. दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाड्यांत हेच रबर सगळ्यात आधी जातात, आणि बिचाऱ्या इंजिनला शिव्या पडतात.

सिग्नलला उभी असतानाच गाडी हलत असेल तर आयडलिंग फार खाली आलेलं असतं. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना १३०० ते १५०० आरपीएम लागतात. एअर फिल्टर धुळीने गच्च झालेला असेल तर आधी तो बघा, मग स्क्रूला हात लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक: फाउंडेशनला ट्यूब

काही गाड्यांत कंपनीच इंजिनला रबर देते, मग आपण दिला तर काय बिघडलं, असा प्रश्न येतो. कंपनीचा बुश एकदा हातात घेऊन बघा. मधोमध लोखंडी नळी असते आणि रबर तिच्या भोवती चिकटवलेला असतो. बोल्ट आवळला की तो नळीवर, म्हणजे लोखंडावर लोखंड बसतं. रबर बाजूने आपलं काम करतो आणि बोल्टचा ताण टिकतो. ट्यूबचा तुकडा चकतीसारखा कापून मध्ये घातला की बोल्ट थेट रबरावर आवळला जातो. इंजिन तापतं, रबर दबतो, बाहेर फुगतो आणि ताण निघून जातो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३च्या घरात असतो. त्यात इंजिनची उष्णता आणि वरून झिरपणारं ऑइल. तो तुकडा काढाल तेव्हा कडेला चिकट, मध्ये कागदासारखा पातळ झालेला असेल.

ताण गेला की बोल्ट भोकात ठोके खायला लागतो. गोल भोक लांबट होतं, ब्रॅकेटच्या वेल्डिंगला बारीक चीर जाते, आणि नशीब फारच खराब असेल तर बोल्ट ज्यातून जातो तो इंजिनचा अॅल्युमिनियमचा कान तुटतो. शिवाय रेस दिली की चेन इंजिनला मागे ओढते. इंजिनला हलायला जागा मिळाली की पुढचं आणि मागचं स्पॉकेट एका रेषेत राहत नाही, चेन एका बाजूने खात सुटते. होंडा शाइनसारख्या डायमंड फ्रेमच्या गाडीत तर इंजिन हा चासीचाच एक भाग असतो. खालून त्याला आधार देणारे पाइप नसतात. तिथे इंजिन सैल करणं म्हणजे घराचा खांब सैल करणं. स्प्लेंडरसारख्या क्रेडल फ्रेममध्ये खालून पाइप असतात, म्हणून तिथे लगेच काही जाणवत नाही, पण भोकं तिथेही लांबट होतातच.

ट्यूब घातली असेल तर आज काढा आणि भोक बघा. लांबट झालं असेल तर जाड वायसर टाकून झाकू नका, वेल्डिंगवाल्याकडून भरून नवीन पाडून घ्या.

बोल्ट आवळायची पद्धत

खूपदा नुसते फाउंडेशन बोल्ट नीट आवळल्यानेच अर्धी तक्रार मिटते. पण जो ढिला दिसला तो पिळला, असं करू नका. इंजिन थंड असताना खाली लाकडी ठोकळा देऊन सगळे बोल्ट थोडे थोडे ढिले करा, काढू नका. इंजिन हाताने हलवून त्याला आपल्या जागी बसू द्या, मग आळीपाळीने आवळत आणा. कान आणि ब्रॅकेट यांच्यात फट राहिली तर बोल्टच्या जोरावर ब्रॅकेट ओढून घेऊ नका. त्या ताणानेही गाडी थरथरते. फटीच्या जाडीची लोखंडी चकती टाका. जुन्या बुलेटला हेडपासून चासीपर्यंत एक पट्टी असते, ती आवर्जून बघा. ती ढिली किंवा चिरलेली असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

बोल्ट बदलायचा असेल तर डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा असलेलाच घ्या. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो नांगराला ठीक आहे. पान्याला पाइप लावून पिळायचा मोहही आवरा, अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की खर्च लेथवाल्याच्या दारात जातो.

हँडलचा जुगाड, पण नीट

आता जिथे घरगुती उपाय खरंच चालतो तिथे येऊ. हँडलच्या टोकाला वजन वाढलं की हँडलची स्वतःची थरथरायची चाल मंदावते, आणि नेहमीच्या स्पीडला इंजिनशी तिचा ताल जुळत नाही. इंजिन तितकंच थरथरतं, हातापर्यंत कमी येतं.

बांधकामाची १६ एमएमची सळई मीटरला १.५८ किलो भरते. तिचा १५ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे साधारण २३७ ग्रॅम. हँडलचा पाइप बाहेरून बहुधा २२ एमएम असतो, आतलं माप मात्र स्वतः घ्या. सळईला शिरा असतात, त्या अडल्या तर लेथवर उतरवून घ्या. ट्यूबचा तुकडा वापरायची हौस असेल तर ती इथे भागवा. सळईला ट्यूबची पट्टी गुंडाळून तुकडा दाबून बसवा, टोकाला थोडं सिलिकॉन. तो सैल राहिला तर थरथर जाऊन खडखड येते. दोन्ही बाजूंना सारखंच वजन हवं.

वाळू भरू नका. तिच्यात ओल धरते आणि पाइप आतून गंजतो. सायकलचे छर्रे चालतात, पण बूच पक्कं हवं. शिशाचे टाळलेले बरे, शिसं विषारी असतं.

उजव्या बाजूला एक गोष्ट अजिबात चुकवू नका. रेसची मूठ आणि टोकाचं वजन यांच्यात एक-दोन एमएमची फट हवी. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्हीकडे रेस पूर्ण पिळून सोडा. मूठ खटकन मागे आली पाहिजे. सायकलची ट्यूब किंवा फोम मुठीवर चढवणाऱ्यांनीही हीच परीक्षा करावी. भर रस्त्यात रेस अडकण्यापेक्षा मुंग्या परवडल्या.

बाकीचे किरकोळ गैरसमज

जाड ऑइल टाकलं की इंजिन शांत होतं, असं सर्रास सांगितलं जातं. १०डब्ल्यू-३० (पातळ ऑइल) सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० (जाड ऑइल) टाकून आवाज थोडा दबतो, पण पिस्टनचा झटका तोच राहतो. कारचं ऑइल तर नकोच, क्लच घसरायला लागतो. चेन घट्ट केल्याने गाडी टाइट वाटते, पण गरगर वाढते. बहुतेक गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर ढील लागते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. आणि हँडलवर मोबाइल अडकवणाऱ्यांनो, मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असं खुद्द अॅपलने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. डिलिव्हरीवाल्यांनी रबरवाला होल्डर घ्यावा.

थरथर हळूहळू न वाढता आठवड्याभरात वाढली असेल आणि सोबत खालून टकटक येत असेल, तर वरचं काहीच करत बसू नका. क्रँकचं बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड गेल्याची ती खूण असते. ऑइल एका स्वच्छ ताटलीत काढा, उन्हात धरा. त्यात चमचमणारी पूड किंवा धातूचे कण दिसले तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून गॅरेजला न्या.